पंखा मोठा, खोली कोरडी

भिलाईच्या सिविक सेंटरपासून पायी दहा-बारा मिनिटांच्या अंतरावर, एका क्वार्टरच्या मागील अंगणात, बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी एक खोली उभी आहे. खोलीचे मालक मूळचे भंडारा जिल्ह्यातील. उभे आयुष्य पोलाद कारखान्यात काढून निवृत्त झाल्यावर त्यांनी धिंगरी अळिंबीची लागवड हाती घेतली. गेल्या जानेवारीत त्यांच्या आग्रहावरून मी ती खोली पाहिली. दोरीला टांगलेल्या तणसाच्या शंभराहून अधिक पिशव्या, जमिनीवर ओली वाळू, भिंतींना गोणपाट. सारे काही प्रशिक्षणात सांगितल्याप्रमाणे नेटके होते. मात्र पिशव्यांवरील पिकाने एकाच वेळी दोन परस्परविरोधी तक्रारी मांडल्या होत्या. जुन्या छत्र्यांच्या कडा पिवळ्या पडून तडकल्या होत्या आणि नव्याने येणाऱ्या अळिंबीचे देठ बोटभर लांब वाढून वर जेमतेम बटणाएवढी टोपी धरली होती. पहिले लक्षण कोरडेपणाचे, दुसरे कोंडलेल्या हवेचे. एकाच खोलीत दोन्ही कसे?

उत्तर भिंतीवर होते. तेथे अठरा इंची एक्झॉस्ट पंखा बसविलेला होता. दुकानदाराने ‘झाडाची नसली तरी शेतीचीच खोली आहे, मोठाच घ्या’ असा सल्ला दिला होता. पंखा सुरू केला की घटकाभरात पिशव्या सुकत. म्हणून तो दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटे लावून एरवी बंद ठेवला जाई. त्यामुळे पिकाला कधी वादळ तर कधी कोंडवाडा, एवढेच दोन ऋतू अनुभवास येत होते.

हा दोष त्या गृहस्थांचा नव्हे. अळिंबी प्रशिक्षणात आपण स्पॉनची निवड, तणस भिजविणे, निर्जंतुकीकरण आणि पिशव्या भरणे यांवर तासन्‌तास बोलतो आणि हवेसाठी एकच वाक्य राखून ठेवतो: ‘खोली हवेशीर असावी.’ शेतकरी ते वाक्य घेऊन दुकानात जातो आणि तेथे हवेशीरपणाचे माप इंचांत मिळते. माझ्या मते आपल्या अळिंबी विस्तारकार्यातील ही सर्वांत मोठी उणीव आहे आणि ती भरून काढण्यास पैसा नव्हे, गुणाकार-भागाकार लागतो.

प्रथम मूळ प्रश्न. अळिंबीला पंखा लागतो कशासाठी? गारव्यासाठी, असे दहापैकी आठ जण सांगतात. बाहेरील हवा आतील हवेपेक्षा उष्ण असेल तेव्हा पंखा उष्णताच आत आणतो. गारवा येतो तो पाण्याच्या बाष्पीभवनाने किंवा वातानुकूलनाने. पंख्याचे खरे काम हवा बदलण्याचे आहे. अळिंबी ही आपल्यासारखीच प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. बीजवाढीच्या काळात पिशवीचे तोंड बांधलेले असते आणि आत साठलेला कार्बन डायऑक्साइड बुरशीला मानवतो. त्या पंधरा-वीस दिवसांत पंखा फिरविणे म्हणजे तणसातील ओलावा फुकट घालविणे होय. पिशव्या उघडून टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसू लागले की परिस्थिती पूर्ण उलटते. आता खोलीतील कार्बन डायऑक्साइड १,००० पीपीएमच्या आत, शक्यतो त्याहून बराच खाली राहिला पाहिजे. अन्यथा अंकुर हवेच्या शोधात देठ ताणतो आणि टोपी लहानच राहते. बाजारात भाव टोपीला मिळतो, देठाला नाही.

आता गणित. भिलाईच्या त्या खोलीचे घनफळ १,२०० घनफूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. फळधारणेच्या काळात तासाला चार ते सहा वेळा खोलीतील हवा बदलावी, हा सर्वसाधारण दंडक. सहा धरले तर तासाला सुमारे २०४ घनमीटर हवा लागते. भिंतीवरील अठरा इंची पंख्याची छापील क्षमता तासाला ४,००० घनमीटरच्या घरात होती. म्हणजे अर्ध्या मिनिटात सारी खोली रिकामी, तासात शंभराहून अधिक वेळा! उलट स्वयंपाकघरात बसवितात तो १५० मिलिमीटरचा साधा पंखा तासाला अडीचशे घनमीटरच्या आसपास हवा फेकतो. छापील आकडा मोकळ्या हवेतील असतो. जाळी, झडप आणि नळी यांच्या अडथळ्याने तो घटतो आणि गरजेच्या जवळ येऊन थांबतो. त्या खोलीला तेवढाच पंखा पुरेसा होता.

‘जास्त हवा मिळाली तर बिघडले काय?’ हा प्रश्न मला प्रत्येक प्रशिक्षणात विचारला जातो. त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. पहिला भाग असा, की जास्त हवेचा लाभ झपाट्याने आटत जातो. बाहेरील मोकळ्या हवेतच कार्बन डायऑक्साइड सुमारे ४२० पीपीएम आहे. पंखा कितीही मोठा असला तरी त्याखाली जाता येत नाही. समजा, आतील मापन १,०२० आले. त्यातील ६०० हे खोलीने वाढविलेले. हवा दुप्पट केली की ही वाढ ३०० वर येईल आणि मापन ७२० दाखवील. पुन्हा दुप्पट केली की ५७०. पहिल्या दुपटीने ३०० कमावले, दुसऱ्या दुपटीने केवळ १५०, आणि तिसरीने त्याच्याही निम्मे.

दुसरा भाग पाण्याचा आहे आणि आपल्या भागात तोच निर्णायक ठरतो. जानेवारीतील दुपारी बाहेर २७ अंश तापमान आणि ३५ टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर त्या हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ९ ग्रॅम पाणी असते. आत २४ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता राखायची तर घनमीटरला सुमारे साडेअठरा ग्रॅम हवे. म्हणजे आत घेतलेल्या प्रत्येक घनमीटरला साडेनऊ ग्रॅम पाणी आपण पाजायचे. तासाला २०४ घनमीटर हवा घेतली तर सुमारे दोन लिटर पाणी लागते. ओली वाळू, गोणपाट आणि दिवसातून काही वेळा हातपंपाची फवारणी यांतून ते साधते. तासाला ४,००० घनमीटर घेतली तर अडतीस लिटर! ते पाणी गोणपाट देऊ शकत नाही, म्हणून हवा ते पिशव्यांमधून आणि टोप्यांमधून ओढून घेते. तडकलेल्या कडांचे कारण हेच.

पंखा घेतल्यावर काम अर्धेच होते, उरलेले अर्धे बहुधा कोणी विकतच घेत नाही. ते म्हणजे हवा आत येण्याची वाट. खोलीतून जेवढी हवा बाहेर गेली तेवढी कोठून तरी आत यावीच लागते. आपण तिला रीतसर झरोका दिला नाही तर ती दाराखालच्या फटीतून, कौलांच्या सांध्यांतून, विजेच्या तारेसाठी पाडलेल्या भोकातून येते आणि येताना माश्या व परक्या बुरशीचे बीजाणू घेऊन येते. भिलाईच्या खोलीत स्वतंत्र झरोका नव्हताच. पंखा सुरू असताना दार उघडण्यास जोर लावावा लागे. असे झाले की समजावे, पंखा गुदमरतो आहे. विजेचे बिल तर भरायचे, पण हवा छापील आकड्याच्या पावपट तरी हलते की नाही याची शंका.

झरोक्याचे मापही भागाकारानेच निघते. झरोक्यातून हवा सेकंदाला साधारण एक मीटर वेगाने यावी, असे धरू. तासाला २०४ घनमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ०.०५७ घनमीटर, त्यासाठी ०.०५७ चौरस मीटर, म्हणजे साधारण २४ सेंटिमीटर बाजूचा चौकोन मोकळा हवा. पण तो मोकळा ठेवता येत नाही. अळिंबीवरील माश्या रोखण्यास ३५ ते ४० मेशची नायलॉन जाळी लागते आणि अशा जाळीचे सूतच निम्म्याच्या आसपास जागा व्यापते. त्यावर धूळ बसते. म्हणून मी एक फूट बाय दीड फूट झरोका सुचवितो आणि जाळी काढून धुता येईल अशा चौकटीत बसविण्यास सांगतो. जाळी भिंतीत चुन्या-सिमेंटने पक्की केली की ती कधीच धुतली जात नाही. हा अनुभव आहे, सिद्धान्त नव्हे.

झरोका आणि पंखा यांची जागा समोरासमोर, शक्यतो कर्णाच्या दोन टोकांना असावी. दोन्ही एकाच भिंतीत जवळजवळ असतील तर हवा आली तशी गेली, पिशव्यांना तिचा स्पर्शही होत नाही. हे तपासण्यास उपकरण लागत नाही. एक अगरबत्ती पेटवून पिशव्यांच्या रांगांमधून फिरावे. धूर जेथे सरळ वर चढतो तेथे हवा मेलेली आहे, जेथे झपकन आडवा पळतो तेथे पीक सुकणार आहे, आणि जेथे तो संथपणे एका दिशेने कलतो तेथे सारे ठीक आहे.

या संदर्भात एका रूढ समजुतीविषयी लिहिले पाहिजे. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, म्हणून तो तळाशी साठतो, म्हणून एक्झॉस्ट जमिनीलगतच बसवावा, असे आपल्याच पुस्तिकांतून वर्षानुवर्षे छापले जाते. शुद्ध कार्बन डायऑक्साइड जड आहे, हे खरे. पण खोलीत तो शुद्ध नसतो. २,००० पीपीएम असलेली हवा शुद्ध हवेपेक्षा केवळ हजारात एक भाग जड भरते आणि तापमानात अंशाच्या एक-तृतीयांश एवढा फरक पडला तरी हा भार पुसला जातो. पिशव्यांची स्वतःची ऊब, माणसाचा वावर, दाराची उघडझाप यांनी हवा ढवळली जातच असते. बंद, निश्चल खोलीत जमिनीवर पिशव्या रचलेल्या असतील तर तळाचा विचार करावा. टांगलेल्या पिशव्यांच्या खोलीत मात्र पंख्याची उंची वजनावरून नव्हे, तर हवा पिशव्यांच्या रांगांतून जाईल की नाही यावरून ठरवावी.

हवा ओढावी की ढकलावी, हा खरा मतभेदाचा विषय. भिलाईचे गृहस्थ म्हणाले, ‘‘भट्टीत आम्ही हवा ढकलत होतो, ओढत नव्हतो.’’ पोलाद कारखान्यातील माणसाला ही गोष्ट शिकविण्याची गरज नाही. पांढऱ्या बटण अळिंबीच्या व्यावसायिक प्रकल्पांतही हेच करतात. गाळून, थंड करून, ओलावा देऊन हवा आत ढकलतात आणि छताखालच्या छिद्रांच्या पॉलिथिन नळीतून सर्वत्र वाटतात. खोलीत दाब किंचित जास्त राहिल्याने फटींतून हवा बाहेरच जाते, माशी आत येत नाही. ज्याची बीजवाढीची खोली वेगळी आहे त्याने तिला तरी ही पद्धत लावावी. पण धिंगरीच्या फळधारणेच्या छोट्या खोलीसाठी मी ओढणाऱ्या पंख्याच्याच बाजूचा आहे आणि त्याचे कारण पीक नसून माणूस आहे.

धिंगरीची टोपी पक्व झाली की ती असंख्य बीजाणू सोडते. सकाळी टॉर्चच्या झोतात ते धुरासारखे तरंगताना दिसतात. बंद खोलीत रोज तोडणी करणाऱ्या काही व्यक्तींना त्यांची वावडे निर्माण होते. काम संपल्यावर काही तासांनी थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, छातीत दडपण. दुसऱ्या दिवशी बरे वाटते आणि पुन्हा खोलीत गेले की तेच. हा फुप्फुसांचा विकार वैद्यकशास्त्रास परिचित आहे, पण गावात तो ‘हवामान बदलल्याचा ताप’ म्हणून अंगावर काढला जातो. वारंवार होत राहिला तर फुप्फुसांची हानी कायमची होऊ शकते. गोंदिया, भंडाऱ्यापासून राजनांदगाव, दुर्ग, रायपूरपर्यंतच्या भातपट्ट्यात तणस मुबलक आहे आणि अळिंबीचा प्रसार आपण मुख्यत्वे महिला बचत गटांमार्फत करतो. त्या स्त्रियांना आपण टोपी, हातमोजे दाखवितो. पंखा मात्र ‘ओलावा जातो’ म्हणून तोडणीच्या वेळी बंद करण्यास सांगतो! हा सल्ला मी स्वतः पूर्वी दिलेला आहे आणि तो चुकीचा होता. तोडणीपूर्वी पंधरा-वीस मिनिटे पंखा चालवावा, तोडणी संपेपर्यंत चालू ठेवावा, एन-९५ मुखपट्टी वापरावी, आणि टोपीची कड वर वळण्याआधीच काढणी करावी. कड वळेपर्यंत थांबल्याने वजन वाढते असे वाटते. वाढतात ते बीजाणू. पंख्याचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे किंवा आपल्याच बीजवाढीच्या खोलीकडे नसावे, हेही ओघानेच आले.

आपल्या देशातील अळिंबीविषयक मार्गदर्शनाचा मोठा भाग सोलनहून येतो. तेथे १९८३ मध्ये राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आणि २००८ मध्ये त्याचे संचालनालय झाले. त्याच १९८३ मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाची केंद्रे पुणे आणि रायपूर येथेही आहेत. सोलन सुमारे दीड हजार मीटर उंचीवर, तर भिलाई तीनशे मीटरच्या आसपास. हवा किती वेळा बदलावी हा आकडा दोन्हीकडे तोच. पण बदललेल्या हवेबरोबर येणारी उष्णता आणि कोरडेपणा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून पंख्याची वेळ स्थानिक असली पाहिजे. हिवाळ्यात दुपारची कोरडी हवा टाळून पहाटे व रात्री अधिक चालवावा. मार्च सरता सरता आपल्याकडे धिंगरी आवरती घ्यावी आणि ३० ते ३५ अंशांत येणाऱ्या दुधी अळिंबीकडे किंवा तणसावरील अळिंबीकडे वळावे. ४२ अंशांच्या दुपारी पंख्याच्या भरवशावर धिंगरी जगविण्याचा हट्ट धरू नये. पावसाळ्यात पारडे पुन्हा फिरते. बाहेरच आर्द्रता ९० टक्के असल्याने पंखा खोली सुकवीत नाही, उलट फवारणीनंतर टोपीवरील पाणी तास-दोन तासांत वाळावे म्हणून तो हवाच. टोपी ओलीच राहिली तर जिवाणूजन्य तपकिरी ठिपके येतात आणि माल बाजारात नाकारला जातो.

जवळ मोठा पंखा असेलच तर? टायमर लावून थोडा-थोडा वेळ चालविता येतो; सहाशे घनमीटरचा पंखा दर पंधरा मिनिटांत पाच मिनिटे चालविला तर सरासरी दोनशे पडते. पण वीसपट मोठ्या पंख्याला टायमरही तारू शकत नाही. गती कमी करायची तर त्या मोटारीला चालणारा रेग्युलेटर घ्यावा. दिव्याचा डिमर लावला तर मोटार गुणगुणते, तापते आणि जळते. गती निम्मी केली की हवा निम्मी होते, पण विजेची गरज तत्त्वतः आठव्या हिश्शावर येते. खोली सतत ओली असते, माणूस अनवाणी असतो; म्हणून बंद खोक्याची मोटार, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी यांवर तडजोड नको. पात्यांवर बीजाणूंचा थर बसतो. तो आठवड्याला वीज बंद करून पुसावा.

आता आपल्याविषयी. अनुदान किंवा कर्जासाठी तयार होणारे अळिंबीचे प्रकल्प अहवाल माझ्यासमोर नेहमी येतात. त्यांत स्पॉनचा दर पैशांपर्यंत लिहिलेला असतो आणि हवेपुरती एकच ओळ: ‘एक्झॉस्ट पंखा, २ नग.’ खोलीचे घनफळ नाही, पंख्याची तासाची क्षमता नाही, झरोक्याचा उल्लेखही नाही. माझे स्पष्ट मत आहे की हे तीन आकडे नसलेला अहवाल विस्तार कार्यकर्त्याने पुढे पाठवूच नये. दुसरी सूचना मापकाची. प्रत्येक शेतकऱ्याने कार्बन डायऑक्साइड मापक विकत घ्यावा, हे अवाजवी आहे. पण कृषी विज्ञान केंद्राने एक घेऊन आठवड्यासाठी फिरता ठेवणे सहज शक्य आहे. घेताना तो अवरक्त किरणांवर चालणारा आहे ना, हे पाहावे. बाजारातील स्वस्त मापक इतर वायूंवरून अंदाज बांधून आकडा दाखवितात, आणि अळिंबीच्या वासाळ खोलीत तो अंदाज पार भरकटतो. मापक नसेल तर पिकाचा देठ वाचावा. देठ आखूड, टोपी रुंद, कडा ओलसर; एवढे दिसले की आकड्यांची घाई नाही.

भिलाईच्या खोलीत फेब्रुवारीत दीडशे मिलिमीटरचा पंखा आणि समोरच्या भिंतीत खाली जाळीचा झरोका बसला. पुढच्या बहराचे देठ आखूड आले, असे त्यांनी छायाचित्रासह कळविले. अठरा इंची पंखा त्यांनी परत केला नाही. तो आता मागच्या ओसरीवर आहे; न विकली गेलेली धिंगरी चिरून जाळीच्या ट्रेमध्ये उन्हात वाळत घालतात आणि तिच्यावर तो सोडतात.